दसरू जिवंत असल्याचा पुरावा
नागभीडचे वार्ताहर भैयाजी बोरकर यांना एकाच गोष्टीचा ताठा होता: स्वतः पाहिल्याशिवाय त्यांनी सव्वीस वर्षांत आपल्या नावानं एक ओळ छापू दिली नव्हती. पेपरची कचेरी मात्र आता मोबाइलवर फिरेल तीच बातमी धरायची. त्या दिवशी फिरलं, की मोहफुलं वेचताना दसरू मडावीला वाघानं मारलं. भैयाजी गाडी काढून त्याच्या गावी गेले, तर दसरू अंगणात मोहफुलं वाळत घालत होता.

त्यांनी लगेच चंद्रपूरच्या कचेरीत फोन लावला. "अरे पियुष, माणूस जिता हाय. माह्यासमोर बसून राह्यला."

"भाऊ, आपल्या पेजवर दोन हजार लोकाईनं श्रद्धांजली वाह्यली. त्याईले आता काय सांगू?" उपसंपादक पियुष कळवळला. "बरं, पुरावा पाठवा."

भैयाजींनी दसरूला केस विंचरायला लावून फोटो काढला आणि पाठवला.

"मी कवा मेलो, भाऊ?" दसरूनं विचारलं.

"उद्याच्या पेपरात जिता होशील."

सकाळी पहिल्या पानावर दसरूच्या मृत्यूची बातमी होतीच. शेजारच्या काळ्या चौकटीत दसरू नीट भांग पाडून हसत होता, आणि खाली छापलं होतं, 'फोटो: भैयाजी बोरकर'.