पापणी ओढणारी लाडूवाली

उमेळ्याच्या नाक्यावर एक मावशी नाचणी-अळिवाचे लाडू विकते. गिऱ्हाइकाची खालची पापणी ओढून आतला रंग बघते, मगच लाडू देते.

माझी मुलगी अंगात रक्त कमी म्हणून शाळेत चक्कर येऊन पडली होती. चारचौघांत ते सांगायची लाज वाटली, म्हणून म्हणाले, "मलाच हवेत."

माझी पापणी ओढून मावशी खदखदून हसली. "तुझा रगत दोघींना पुरंल, बाय! जिला पायजे तिला आन."

दुसऱ्या दिवशी मुलीला नेले. तिची पापणी बघून मावशी हसली नाही. तिच्या हातात एक लाडू ठेवून "माझ्यासमोर खा," एवढेच म्हणाली.

मी केलेले लाडू गुपचूप कुत्र्याला घालणाऱ्या माझ्या लेकीने तो मुकाट्याने संपवला. आता शाळेत जाताना रोज तिथे थांबते. माझ्या धाकाला मात्र घरात अजून मांजरही जुमानत नाही.