फलटण ते मिरज, उभ्याने

फलटणच्या स्टँडवर मला सोडायला संपत आला, माझा धाकटा भाऊ. प्रत्येक खड्ड्याला तो मोटारसायकलवर उभाच राहत होता. "रस्ता लय बेकार, दादा," म्हणाला. मला बरंच वाटलं, कारण मागे मीही अर्धा उभाच होतो.

घरी सांगितलं होतं, सांगलीकडे ठिबकच्या पाइपा बघायला जातोय. खरं म्हणजे कित्येक दिवस शौचाला रक्त जात होतं. आमचे वडील, अण्णा, हेही असंच रक्त लपवत राहिले, आणि दवाखान्यात नेलं तेव्हा आतड्याचा कॅन्सर पसरलेला होता. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मी थेट सांगलीकडच्या कुंडल गावचे मूळव्याधीचे वैद्य गाठायचं ठरवलं.

एसटीत जागा होती, तरी मी दांडा धरून उभा. उंब्रजला एक म्हातारी चढली आणि शेजारची जागा थोपटत म्हणाली, "बस की रं बाबा, तिकीट काढलंयस न्हवं?"

"पाय मोकळे करतोय, मावशी."

बाहेर दोन्ही अंगाला ऊस डोलत होता. एरवी मी कुणाचा ऊस कसा आलाय ते बघत बसलो असतो. आज काही बघवत नव्हतं. कराडला गाडी बदलताना भज्यांचा वास आला, पण शेजारच्या तळलेल्या मिरच्या बघून मी मुकाट्याने केळं घेतलं.

वैद्यांच्या ओट्यावर दोन लांब बाकडी होती. दोन्ही रिकामी, आणि सगळे पुरुष भिंतीला टेकून उभे! जो तो 'उष्णता' (चारचौघांत मूळव्याधीला इकडे हेच म्हणतात) झाली म्हणून आलेला. तेवढ्या भीतीतही मला हसू फुटलं.

आत गेल्यावर मीही तेच म्हणालो, "उष्णता झालीय."

"रक्त जातंय का?" वैद्यांनी विचारलं.

"थोडं."

"घरात कुणाला हुतं?"

मी अण्णांचं सांगितलं. वैद्यांनी तपासलं, हात धुतले. "मूळव्याध हाय. पण तेवढंच हाय, हे मी सांगू शकत न्हाई. आदी मिरजेला जाऊन दुर्बिणीनं तपासून घ्या. औषध मग."

निदान एखादी पुडी तरी द्या म्हणालो, तर त्यांनी सरळ पुढच्याला हाक मारली. मला त्यांचा भयंकर राग आला.

मिरजेत मुक्काम पडला. पोट साफ करायचं औषध पिताना अण्णांचा सुकलेला चेहरा डोळ्यांपुढून हलेना. तपासणी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "आतडं स्वच्छ आहे. साधी मूळव्याध." मी त्यांचे हात धरून रडलो.

परतताना पुन्हा कुंडलला उतरलो. वैद्यांनी आता त्रिफळा दिला. शिवाय सुरणाची भाजी, ताक, भरपूर पाणी, कोमट पाण्याच्या टबात बसणं, आणि संडासात मोबाइल न्यायचा नाही.

"आणि ठेचा?"

"त्याचं नावबी काढू नका."

फलटणला उतरलो तेव्हा संपत वाट बघत होता. मोटारसायकल स्टँडला लावलेली, सीट रिकामी, आणि हा शेजारी उभा. मला कुंडलची बाकडी आठवली.

"पाइपा मिळाल्या का, दादा?"

"पाइपा बघाय गेलोच न्हवतो. मूळव्याध हाय मला. रक्त जात हुतं. तपासून आलोय."

त्याचा चेहरा उतरला. हातातली चावी तो नुसतीच फिरवत राहिला.

"तुला कवापासनं, संपत?"

"दिवाळीपासनं."

रोज एका पंगतीला जेवणारे आम्ही दोघं एकमेकांपासून अण्णांच्याच मरणाची भीती लपवत होतो. मी घरी गेलोच नाही. त्याचा हात धरला आणि मिरजेची गाडी कधी आहे ते विचारायला खिडकीकडे वळलो.