मावसाजींची बाई

माणसाच्या मतापेक्षा म्हशीचे मत अधिक मानणारा गृहस्थ साऱ्या मध्यप्रांत-वऱ्हाडात एकच होता, आणि तो नेमका आमच्या मावशीच्या वाट्याला आला होता. मी त्यांना मावसाजी म्हणत असे. अकोटच्या शाळेत मला मास्तरकी मिळाली तेव्हा मी मावशीकडेच राहायचे असे आईने परस्पर ठरवून टाकले, आणि त्यामुळे हा माणूस मला जवळून पाहायला मिळाला. मावशीचे घर गावाबाहेर, सरकी काढायच्या जिनांच्या ओळीपलीकडे होते. घर म्हणजे दोन खोल्या आणि ओसरी. पण भोवती ऐसपैस आवार आणि मधोमध विहीर. विहिरीच्या उगवतीला मावशीचा मळा. त्यात वांगी, मेथी, अंबाडी, वऱ्हाडात ज्याला सांबार म्हणतात ती कोथिंबीर, कडेला केळी आणि पपया. मावळतीला मावसाजींचा कोठा. त्यात एक म्हैस, एक गाय, शेळ्या आणि कोणाच्याही हुकमात नसलेल्या कोंबड्या. दोहोंच्या मधे बोराटीच्या काट्यांचे कुंपण होते. मावशी शेळ्यांना दरोडेखोर समजे. मावसाजींना मळा म्हणजे चांगल्या चाऱ्यात माणसांनी केलेली ढवळाढवळ वाटे.

मावसाजी पूर्वी एका जिनात कापूस तोलायच्या काट्यावर होते. जिनाचा भोंगा आणि म्हशीची धार यांची वेळ एकच येई, आणि म्हशीला भोंग्याआधी दूध द्यायची सवय लागेना. मॅनेजरने एक दिवस त्यांना बोलावून सांगितले, की नोकरी किंवा म्हैस, काय ते एक ठरवा. विचार करायला त्याने आठवडाभराची मुदत दिली. मावसाजींनी ती घेतली नाही. डोक्यावरची टोपी सारखी करून ते तडक घरी आले आणि धारेला बसले. तेव्हापासून त्या घरात मीठ, चहा-गूळ आणि रॉकेल सोडले तर बाजारातून फारसे काही आले नाही. जे खायचे ते आवारातच पिकायचे, नाही तर चार पायांवर चालत फिरायचे.

म्हशीला ते ‘बाई’ म्हणत. दुसरे नाव तिला नव्हते. धार काढण्याआधी ते तिच्यासमोर उभे राहून तिचा चेहरा पाहत. मला तो चेहरा रोज सारखाच दिसे. त्यांना मात्र त्यात राग, कंटाळा, वातावरणातला बदल असे बरेच काही दिसे. “आज बाईचं मन नाई,” असे म्हणून ते रिकामे भांडे घेऊन परतले, की आम्ही कोरा चहा प्यायचा. मावशी चुलीपाशी बसून मला ऐकवायची, “पाह्य बापू, म्हशीले बाई म्हन्तात, अन् मले नुसतं ‘ऐकलं काय’!” मावसाजी ते ऐकत रिकामे भांडे फळीवर ठेवत. एकदाच म्हणाले, “तुले नावानं हाक मारली त तू भांड्याचा आवाज करतं.”

गुरे विकण्याची त्यांची रीत पाहायला लोक मुद्दाम येत. गाईचे वासरू मोठे झाले तेव्हा तेल्हाऱ्याकडचा एक शेतकरी ते पाहायला आला. मावसाजींनी त्याला बाजेवर बसवले, चहा दिला आणि चौकशी सुरू केली. कोठ्यावर कवेलू, म्हणजे कौले, आहेत की नुसते पऱ्हाटीच्या काड्यांचे छप्पर? घरात कोण रागीट आहे? बायकोला पहाटे उठायची सवय आहे का? बराच वेळ उत्तरे देऊन तो माणूस कंटाळला. “मालक, मी वासरू नेऊन राह्यलो का पोरगी?” मावसाजी शांतपणे म्हणाले, “पोरगीले दुखलंखुपलं त माहेरी येऊन सांगते थे. हिले कोन इचारीन?” वासरू दिले, पण त्या दिवाळीत ते सरकीच्या ढेपेची पिशवी खांद्याला मारून तेल्हाऱ्याला गेले आणि वासराने ओळख दिली म्हणून दोन दिवस खुशीत होते.

माझ्याशी त्यांचा तसा थोडाच संबंध आला, तोही शेळ्यांच्या मार्फत. मी ओसरीत सहामाहीचे पेपर तपासायला घेतले होते. पाणी प्यायला आत गेलो तेवढ्यात एका शेळीने अर्धा गठ्ठा संपवला. मी ओरडलो तसे मावसाजी धावत आले आणि शेळीचे पोट चाचपू लागले. “कायचे पेपर होते, मास्तर?”

“इतिहासाचे.”

“मंग काही भेव नाई,” ते शेळीला सोडून म्हणाले. “सारं जुनंच असते, पचून जाईन.”

मला परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. शेळीला काही झाले नाही.

माझ्या तिथल्या दुसऱ्या वर्षी पावसाने तोंड दाखवून पाठ फिरवली. उन्हाळा लागताच विहिरीत बादली चिखलाला टेकू लागली. मळ्याला पाणी द्यावे तर गुरे तहानलेली, आणि गुरांना पाजावे तर मळा वाळतो. मावशी भांडी घासलेले पाणीसुद्धा वांग्यांच्या बुडाशी नेऊन ओतायची. शेवटी तिने बोलून टाकले, “आवो, ढोरं इका. मळा राह्यला त आपल्याले भाजीभाकर त भेटीन.”

मावसाजी जेवता जेवता थांबले. पुढचे दोन दिवस ते कोठ्यातच बसून होते. मग एका सकाळी गाठोडे बांधून निघाले. उत्तरेला पोपटखेडच्या पुढे मेळघाटाचा डोंगर लागतो; तिथे नाल्यांना थोडेफार पाणी राहते, आणि गवळी लोक गुरे घेऊन उतरलेले असतात. तिकडे गुरे पाठवायची रीत होती. गुरांबरोबर स्वतः जायची नव्हती.

“तुमी जंगलात राह्यसान?” मावशी म्हणाली. “तुमचा गुडघा घराची पायरी चढत नाई.”

“हळूहळू चढीन. तुह्या मळ्याले पानी पुरलं पाह्यजे.”

 मावशीने आत जाऊन भाकरी, ठेचा आणि लोणच्याची बरणी आणून गाठोड्यात कोंबली. बाई पुढे, मागे गाय, शेळ्या आणि सगळ्यांच्या मागे लंगडत मावसाजी, अशी ती मंडळी रस्त्याच्या धुळीत दिसेनाशी झाली.

मळा जगला. मात्र मावशी धारेच्या वेळी उठायची आणि मोकळ्या कोठ्यात उगीच झाडून यायची. आठवड्याच्या बाजाराला तूप विकायला येणाऱ्या गवळ्याच्या हातून निरोप येत: म्हातारा बरा आहे, म्हाताऱ्याला ताप होता, आता नाही. मावशी दर वेळी त्याच्याजवळ वांगी द्यायची.

पहिला पाऊस होऊन रान हिरवे झाले तेव्हा मावसाजी परत आले. गाय होती, शेळ्या होत्या. बाई नव्हती. मावशीने कुंपणाजवळ उभ्या उभ्या सगळे पाहिले. त्यांच्या पायांवर पाणी घालताना तिने हळूच विचारले, “बाई?”

“तिले तिकडचं पानी आवडलं,” मावसाजी म्हणाले, आणि बाजेवर जाऊन पडले.

खरे काय ते पुढच्या बाजारी गवळ्याकडून कळले. नाल्यावर वाघाने तिला धरले होते. मावसाजी काठी घेऊन ओरडत धावले म्हणून वाघ गेला, पण तिची मान फाटली होती. तिचा जीव जाईपर्यंत ते तिथेच बसून राहिले, आणि गवळ्यांनी उठवले तरी उठेनात.

त्यानंतर ते कोठ्यात जाईनासे झाले. गाईची धार मावशीच काढू लागली. एक दिवस तिने त्या गवळ्याला सांगून एक वगार, म्हणजे म्हशीची तरणी पोर, आणवली आणि खुंट्याला बांधली. मावसाजींनी पाहिले न पाहिलेसे केले. मग मावशीने एक युक्ती केली. जन्मभर दावी बांधत आलेली ती, पण वगारीची गाठ मुद्दाम चुकीची मारू लागली. कुटार, म्हणजे भुसा, पाण्यात भिजवायचे ते कोरडेच टाकी. मावसाजी बाजेवरून बघत, कूस बदलत. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांना राहवले नाही. “काय करून राह्यली वं! गळा आवयून मरीन ना थे!” असे ओरडत ते उठले आणि त्यांनी दावे तिच्या हातातून ओढून घेतले. मावशी मळ्यात निघून गेली. तिथे ती बराच वेळ पाठमोरी बसून मेथी खुडत होती.

पुढे माझी बदली अमरावतीला झाली. जाणे-येणे कमी झाले. मावसाजी गेल्याचे कळले तेव्हा मी अकोटला गेलो. मुंडगावला दिलेल्या लेकीने मावशीला न्यायला गाडी पाठवली होती. भांडी, अंथरूण, बियाण्यांची मडकी असे सगळे गाडीत चढवून झाले. गाडीवान मावशीला वर बसायला हात देऊ लागला. तिने तो बाजूला केला. एव्हाना ती वगार चांगली दांडगी म्हैस झाली होती. मावशीने तिचे दावे सोडून हाताला गुंडाळले.

“गाडीच्या मागं बांधली त तिले आवडत नाई,” ती मला म्हणाली, आणि पदर खोचून म्हशीच्या चालीने चालू लागली. गाडीवानालाही मग बैल हळूच हाकावे लागले.