चक्रीचा डोळा

आदिलाबादला यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि मी गुडीहत्नूरच्या मराठी शाळेत शिकवत होते. सकाळी बसने जायचं, संध्याकाळी बसने यायचं. ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं, घरोघर टीव्ही येऊ लागले होते आणि यांच्याकडे कामाला तोटा नव्हता. आम्ही दोघंही घरातली पहिली शिकलेली पिढी. आमचे आईबाप लोकांच्या शेतात राबलेले. माझ्या बाबांनी तर दारू आणि जुगार या दोन गोष्टींचा असा धसका घेतला होता, की घरात पत्त्यांचा जोडसुद्धा येऊ दिला नाही. पुढे माझ्या संसारात जुगाराचं यंत्र पाच वर्षं पलंगाशेजारी उभं होतं, हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.

माझे भासरे, म्हणजे यांचे थोरले भाऊ, बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत कामाला होते. बायको वारलेली, मूलबाळ नाही. यांना शिकवलं ते त्यांनीच. एका उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही त्यांच्या क्वार्टरला गेलो होतो. पगाराच्या आठवड्यात तिथल्या मैदानावर एक चक्रीवाला यायचा. उभं मोठं चाक, त्यावर एक ते बारा आकडे, समोर तसेच आकडे काढलेलं मेणकापड. आपल्या आकड्यावर पैसे ठेवायचे, चाक फिरायचं, काट्यापुढे जो आकडा थांबेल तो जिंकला. भासरे तिथे दर महिन्याला जायचे आणि हरून यायचे. याबद्दल घरात कोणी बोलत नसे.

त्या रविवारी चक्रीवाल्याचा लाऊडस्पीकर बंद पडला. मेकॅनिक आला आहे हे कोणीतरी त्याला सांगितलं आणि त्याने यांना बोलावून नेलं. वायर शोधता शोधता हे चाक ज्यावर उभं होतं त्या मचाणाखाली शिरले. लाऊडस्पीकर सुरू करून परत आले. दुसऱ्या दिवशी आदिलाबादच्या बसमध्ये बसल्यावर म्हणाले, "खाली लोखंडी पट्टी हाये. पायानं दाबली का चाकाले ब्रेक लागते. त्याले पाह्यजे तिथं थांबवते तो."

"मग दादाले सांगाचं ना," मी म्हटलं.

"सांगून एक चक्रीवाला बंद होईन. दुसरा येईन. असं चाक पाह्यजे का ज्याले कोणाले हातच लावता नाही आला पाह्यजे."

मला वाटलं, रागाच्या भरात बोलत आहेत, दोन दिवसांत विसरतील. पण पुढच्या महिन्यात ते हैदराबादला गेले आणि सामानाची पुडी घेऊन आले. तिच्यात बोटाच्या नखाएवढे चपटे तुकडे होते, वर नागमोडी रेघ असलेले. यावर उजेड पडला की यातून वीज जाते, अंधार झाला की अडते, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. ते त्याला डोळा म्हणायचे.

जुन्या सायकलच्या चाकाला त्यांनी पत्रा ठोकला आणि पत्र्याला कडेने भोकं पाडली. एका बाजूला दिवा, दुसऱ्या बाजूला डोळा. चाक फिरलं की भोकातून उजेड लागोपाठ डोळ्यावर पडायचा आणि यंत्र मोजायचं. चाक हललं रे हललं की पैसे लावायची बटणं बंद व्हायची. इथपर्यंत दोन-तीन महिन्यांत झालं. खरं काम पुढे होतं. चाक आपसूक मंद होत जाणं आणि कोणीतरी त्याला मंद करणं, यातला फरक डोळ्याला कळायला हवा होता.

त्यासाठी चाक फिरवायला माणूस लागे, आणि घरात माणूस मीच. शाळेतून यायचं, चहा ठेवायचा, चाक फिरवायचं. "आता बोट लाव," असं म्हणाले की मी हलकेच कडेला बोट लावायची. लाल दिवा लागला तर यंत्राने चोरी पकडली. नाही लागला तर ते तारा उचकटून पुन्हा जोडायला बसायचे आणि मी भाकऱ्या टाकायला. किती वेळा फिरवलं त्याला गणती नाही. माझा उजवा खांदा तेव्हापासूनच दुखायला लागला. शाळेत फळ्यावर लिहिताना हात वर जाईना.

कधी कधी मी काहीच केलेलं नसताना लाल दिवा लागायचा. हे म्हणायचे, "तू बोट लावलं."

"नाही लावलं."

"मग कसा लागला?"

यावरून आमची भांडणं व्हायची. शेवटी त्यांच्या ध्यानात आलं की खिडकीतला उजेड डोळ्याला फसवतो. ढग आला-गेला तरी यंत्र गोंधळायचं. मग त्यांनी सायकलच्या पंपाची नळी कापली, आतून काळी केली आणि डोळा तिच्या तळाशी बसवला. आता त्याला समोरच्या दिव्याशिवाय दुसरं काही दिसेना. त्या दिवशी ते फार खुशीत होते. मला म्हणाले, "इतकी सोपी गोष्ट, अन् सहा महिने गेले पाय."

मी एकदाच स्पष्ट विचारलं होतं, "जुगार इमानदारीचा करून काय भेटते तुमाले? जुगार तो जुगारच."

ते म्हणाले, "दादा काही खेळाचं सोडत नाही. मग हारला तर खरा तरी हारला पाह्यजे."

मी उठून पुन्हा चाक फिरवलं.

यंत्र तयार झाल्यावर ते चक्रीवाल्यालाच दाखवायचं असं त्यांनी ठरवलं. भासरे पाळीवर असतील अशी वेळ साधून, बसच्या टपावर बांधून ते बेल्लमपल्लीला नेलं. चक्रीवाला वयस्क, शांत माणूस होता. त्याने तासभर चाक फिरवून पाहिलं, बोट लावून पाहिलं, काठी लावून पाहिली. दर वेळी लाल दिवा लागला. त्याने मनापासून तारीफ केली. मग हात पुसत म्हणाला, "मास्टर, सब अच्छा है. लेकिन इसमें मेरा हाथ किधर है?"

यांनी यंत्र पुन्हा बसवर चढवून घरी आणलं.

मला वाटलं, संपलं. पण आदिलाबादच्या कोर्टाबाहेर बसणाऱ्या एका अर्जनवीसाने यांना पेटंटबद्दल सांगितलं. नवा शोध लावला तर तो सरकार आपल्या नावावर लावून देतं. अर्ज मद्रासला जातो आणि तो इंग्रजीत लागतो. लग्नाआधी मी इंग्रजी टायपिंगची परीक्षा दिली होती. म्हणजे पुन्हा मीच.

जिथे टायपिंग शिकले त्याच संस्थेत मी संध्याकाळी जाऊन बसू लागले. तिथले सर तेलुगू होते, इंग्रजी चांगलं होतं त्यांचं. ते माझ्या कागदावरून नजर फिरवून चुका काढायचे. शोधाचं वर्णन लिहायचं, मग दावे लिहायचे, म्हणजे यात आमचं नवं काय ते. प्रत्येक दावा एकाच वाक्यात पाहिजे, कितीही लांब होवो. मी मधेच टिंब दिलं की सर म्हणायचे, "नको अम्मा, फुल स्टॉप एकच, शेवटी." पैजेला इंग्रजी शब्द काय हे मला डिक्शनरीत पाहावं लागलं. तो शब्द मी त्या अर्जात इतक्यांदा टाइप केला की बोटांना पाठ झाला. प्रत्येक वेळी बाबांचा चेहरा डोळ्यांपुढे यायचा. आकृत्या यांनी काळ्या शाईने स्वतः काढल्या. समास कमी सोडला म्हणून त्या एकदा परत आल्या, मग पुन्हा काढल्या.

अर्ज गेला आणि दोन वर्षं काही हललं नाही. यंत्र पलंगाशेजारी उभं होतं. त्यावर मी चादर टाकून ठेवली होती. पाहुण्यांनी विचारलं तर शाळेचं आहे म्हणायची.

मद्रासचं पाकीट आलं तेव्हा हे दुकानात होते. मी दारातच फोडलं. हरकती दोन होत्या. एक, उजेडाच्या डोळ्याने फिरतं चाक मोजणं हे नवं नाही, परदेशात आधीच झालं आहे. दुसरी, ज्या शोधाचा मुख्य उपयोग कायद्याच्या किंवा नीतीच्या विरुद्ध आहे त्याला पेटंट देता येत नाही. मी दोनदा वाचलं आणि मला हलकं वाटलं. अगदी खरं सांगते, हलकं वाटलं. मग संध्याकाळी तेच मला यांना मराठीत सांगायचं होतं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "मी तं चोरी पकडून राह्यलो. नीतीच्या विरुद्ध कसं?"

"तसं कायद्यात हाये."

"आपून जाऊन सांगू."

सुनावणी मागता येत होती. मी रजा टाकली. बेल्लमपल्लीहून मद्रासची गाडी पकडली, उभ्यानेच बराच प्रवास झाला. यंत्र काही नेता आलं नाही. आकृत्या तेवढ्या गुंडाळी करून नेल्या. ते ऑफिस, तो समुद्राकडचा दमट वारा, काही धड आठवत नाही. पाय सुजले होते ते आठवतं. साहेब वयाने मोठे होते, चष्मा कपाळावर सरकवून बोलायचे. त्यांना हिंदी येत नव्हतं, यांना इंग्रजी येत नव्हतं. माझं मोडकंतोडकं इंग्रजी दोघांच्या मध्ये.

साहेबांनी एक परदेशी कागद यांच्यापुढे ठेवला. त्यावर आकृती होती, एक चाक, एक दिवा, एक डोळा. आमच्या कितीतरी वर्षं आधीची. हे वाकून पाहत राहिले. मला वाटलं, खचले. इतक्यात त्यांनी आकृतीवर बोट ठेवलं आणि मला म्हणाले, "हे पाय. यानंबी नळी लावली."

खरंच, डोळ्याभोवती एक नळी काढलेली होती.

"म्हंजे त्याच्या घरीबी खिडकीतून ऊन येत असन," हे म्हणाले आणि हसले. त्या सबंध प्रवासात एवढंच हसले. साहेबांनी मला विचारलं, काय म्हणतात? मला इंग्रजीत सांगता आलं नाही.

साहेब चांगले होते, हे मी सांगायलाच हवं. त्यांनी शांतपणे समजावलं. मोजणं जुनं आहे. चोरून लावलेला ब्रेक ओळखणं हे नवं दिसतं, पण अर्जात ते फक्त पैजेच्या खेळासाठी मांडलं आहे. गिरणीच्या, कारखान्याच्या यंत्रासाठी म्हणून वेगळा अर्ज करा, पहिल्यापासून नीट लिहा, विचार करता येईल. मी हे सगळं यांना सांगितलं. पहिल्यापासून, हा शब्द मी सगळ्यात शेवटी सांगितला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग साहेबांना नमस्कार केला आणि आकृत्यांची गुंडाळी उचलली.

परतताना बेल्लमपल्लीला उतरलो. भासरे सकाळची पाळी करून आले होते, अंगणात आंघोळ करून बसले होते. धाकटा भाऊ काय घेऊन मद्रासला गेला होता ते त्यांना तोवर धड माहीत नव्हतं. यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सगळं सांगितलं. मचाणाखालची पट्टी, चाक, डोळा, लाल दिवा, अर्ज, साहेब. भासरे टॉवेलने डोकं पुसत ऐकत होते.

शेवटी म्हणाले, "ब्रेक हाये हे मले मालूम हाये."

यांनी हातातली आकृत्यांची गुंडाळी खाली ठेवली.

"सगळ्याईलेच मालूम हाये बाबू. नवीन पोट्टे सोडले तं."

"मग काऊन खेळता?"

भासऱ्यांनी टॉवेल दोरीवर टाकला. "आठ घंटे खाली अंधारात राह्यतो. वर आल्यावर घरी कोण हाये? तिथं दिवे राह्यतात, चार माणसं राह्यतात. चाक फिरते तवापर्यंत बरं वाटते." मग यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तू मले इचारलं असतं तं तवाच सांगतलं असतं."

हे उठून बाहेर नळावर गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले. मी चूल पेटवली. काय रांधलं ते आठवत नाही.

नवा अर्ज आम्ही केला नाही. मुदत संपल्यावर अर्ज सोडून दिल्याचं समजण्यात आलं आहे, असं एक छापील पत्र आलं. यांनी ते वाचायलाही मागितलं नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझी बदली मुधोळला झाली. सामान बांधताना यंत्राचं काय करायचं असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी तारा आणि डोळे काढून डब्यात भरले, पत्रा भंगारात दिला आणि चाक घरमालकाच्या सायकलला बसवून दिलं. मुधोळला त्यांनी पुन्हा दुकान टाकलं. तिथे शेजारपाजार सगळा मराठी, माझी शाळा चालत जाण्याएवढी जवळ. पण नवं काही करून पाहू असं त्यांच्या तोंडून नंतर कधी निघालं नाही. टीव्ही यायचे, दुरुस्त होऊन जायचे.

भासरे निवृत्त होऊन आमच्याकडेच राहायला आले आणि चार वर्षांनी वारले. तोवर दोघे भाऊ दुपारचे दुकानात एकत्र बसायचे. फार बोलायचे नाहीत. मी शाळेतून येताना चहाची किटली घेऊन तिकडे जायची, तिघं मिळून चहा प्यायचो. पाकीट वाचून मला त्या दिवशी हलकं वाटलं होतं, हे यांना सांगावं असं तिथे बसल्यावर कितीदा मनात आलं. पण दिवसभर पोरांना ओरडून घसा गेलेला असे, आणि ते सांगायचं तर पुष्कळच बोलावं लागलं असतं.