उलट्या आणि शाळेचा कायदा

उलट्याला उलट्या म्हणायचे, कारण तो जन्मभर मागे मागे चालत आला. दोर वळणाऱ्याला पुढे चालून भागत नाही. कमरेला ताग गुंडाळायचा, बोटांनी थोडा थोडा सोडायचा आणि चाकाकडे तोंड ठेवून गल्लीच्या टोकापर्यंत मागे सरत जायचं. चाक दुसरा कुणीतरी फिरवतो, त्याने तागाला पीळ बसतो. असे तीन पेड एकत्र वळले की दोर.

चाक फिरवणं पोरखेळ वाटतं. ते तसं नाही. वेग एकसारखा लागतो. हात दमला की माणूस खांद्याने रेटतो, खांदा दमला की कमरेने, आणि मग पेड कुठे जाड, कुठे बारीक. उलट्याने लहानपणी बापासाठी चाक फिरवलं होतं, त्यामुळे त्याचा उजवा खांदा कायमचा उतरलेला. आता त्याची मुलगी फिरवायची. हात सरळ होता तिचा.

नवा कायदा झाला तेव्हा शाळेच्या बाई गल्लीत आल्या. उलट्या पेड सोडत होता. तो थांबला नाही, म्हणून बाई त्याच्याबरोबर चालत राहिल्या.

"मुलीला शाळेत पाठवा. मोफत आहे, पुस्तकंसुद्धा. आणि सक्तीचं आहे."

"फुकट आहे तर सक्ती कशाला? फुकट म्हटल्यावर लोक धावतच येतात."

"तुम्ही आलात का धावत?"

"नाही पाठवली तर?"

"तर मी उद्या येईन. परवाही येईन. माझा रस्ता याच गल्लीतून आहे."

बायको गिरणीत कामाला जायची. ती संध्याकाळी एवढंच म्हणाली, "जाऊ दे तिला. चाकाला माझी आई आहे." उलट्याने एक अट घातली. काम अडलं तर मुलगी त्याच दिवशी शाळेतून परत आणायची आणि पुन्हा पाठवायची नाही. बायकोने मान डोलावली. मुलगी कोपऱ्यात बसून ऐकत होती.

मुलगी शाळेत गेली त्या दिवशी नावाड्याचा जाड दोर हातात होता. दोन पेड मुलीने आदल्या दिवशी काढून दिले होते. तिसऱ्याला सासूबाई चाकावर बसल्या. म्हातारी दणकट होती, वेग छान ठेवला तिने. उलट्या फुरंगटलेला, त्याने बोटांवरून नजर वर केली नाही. पेड निघाला. मग तिन्ही एकत्र वळायला घेतले, तर दोन आवळले आणि तिसरा सुटत चालला. बघता बघता त्याच्या नुसत्या झिपऱ्या झाल्या.

"काय केलंत हे, आई?"

"मी काय केलं? फिरव म्हणालात, फिरवलं. दोराचा पीळ गेला जावईबापू, तुमचा तेवढा जात नाही."

उलट्या तसाच शाळेत गेला. अंगावर तागाची कुसळं. दारातून म्हणाला, "बाई, मुलगी द्या. काम अडलं."

"शाळा सुटली की येईल."

"तोवर नावाडी दारात येईल."

बाई दारातच आडव्या उभ्या राहिल्या. मागे मुलगी उठून उभी राहिली होती. पाटी आवरून तयार. ठरलेलं तिला माहीत होतं. तिने विचारलं, "बाबा, तिसरा पेड सुटला का?"

"हो."

"आजी डावरी आहे."

उलट्या दारात उभा राहिला. इतकी वर्षं म्हातारी त्याला डाव्या हाताने वाढत होती. डाव्या हाताला चाक उलट दिशेने फिरवणं सोयीचं, म्हणजे पीळ उलटा. आणि उलट्या पिळाचा पेड सुलट्या दोन पेडांत टिकत नाही. एवढं त्याला कळायला हवं होतं.

"बस खाली," तो म्हणाला आणि निघाला.

घरी येऊन त्याने चाकाची मूठ काढली. लोखंड गंजलेलं होतं, निघायला वेळ लागला. पलीकडच्या बाजूला भोक पाडून ती तिथे बसवली. सासूबाई पलीकडून, डाव्याच हाताने फिरवू लागल्या, आणि पीळ सरळ बसला. तिसरा पेड पहिल्यापासून काढला. दोर संध्याकाळी झाला. नावाड्याला थोडं थांबावं लागलं आणि तो बोलायचं ते बोलला.

मुलगी शाळेतून आली ती थेट चाकाजवळ. मूठ शोधताना तिचा हात आदळला तो रिकाम्या भोकावर.

"मूठ कुठे गेली?"

"पलीकडे," उलट्या ताग विंचरत म्हणाला.

"मग मी कशी फिरवू?"

"ती पुन्हा काढायला मला वेळ नाही. जा, हात धू."