पंचेचाळीस मीटर

कारखान्यात तिला सगळे घारबाई म्हणायचे. नाव चेष्टेनंच पडलं, पण तिला ते आवडायचं. बेचाळिसाव्या वर्षी फायली लावायचं काम सोडून ती ड्रोन उडवायला शिकली, तेव्हा नवरा म्हणाला होता, "घरातला टीव्हीचा रिमोट सापडत नाही तुला, आणि हा कसला हातात घेतेस?" पण सहा वर्षांत तिच्या हातून साधं पातंही मोडलं नव्हतं. कारण बाईची एक खोड. आधी परतीची उंची, मगच उड्डाण. संपर्क तुटला की ड्रोन आपला आपण तेवढ्या उंचीवर चढतो आणि नाकासमोर घरी, म्हणजे उडाल्या जागी, परत येतो. वाटेत काय उभं आहे ते त्या जुन्या मशीनला दिसत नाही. म्हणून आसपास सगळ्यात उंच काय ते बघायचं आणि वर दहा मीटर घालायचे. आणि ही उंची धरायची ती ड्रोन जिथून उडाला तिथून. हे शेवटचं तर ती शिकाऊ लोकांकडून घोकून घ्यायची.

त्या दिवशी धुराड्याच्या तड्यांचे फोटो काढायचे होते. धुराडं जमिनीपासून पंचावन्न मीटर. उड्डाण गच्चीवरून, म्हणजे वीस मीटर वरून. राहिले पस्तीस, त्यात दहा घालून तिनं पंचेचाळीस लिहिले, सुरक्षा अधिकाऱ्याची सही घेतली. धुराड्याच्या कडेला पाळणा टांगून रंगारी काम करत होता. त्याच्याही डोक्यावरून ड्रोन आरामात गेला असता.

तेवढ्यात मोठे साहेब पाहुण्यांना घेऊन आले. गच्चीवर ऊन लागतं म्हणाले. खाली अंगणात छत्र्या लावल्या, खुर्च्या मांडल्या, थंड पेयं आली. "इथूनच उडवा की!"

"साहेब, मग उंची बदलावी लागेल," ती म्हणाली. "नवा कागद, नवी सही. आणि रंगाऱ्याला खाली घेऊ या."

"अहो बाई, सकाळचा आकडा काय उन्हात वितळला का?"

पाहुणे खो खो हसले. आणि ही? हीसुद्धा हसली! पंचेचाळीसला धुराडं आडवं येतं हे पोटात स्वच्छ माहीत असताना दात काढले आणि बटण दाबलं. शी!

ड्रोन धुराड्यामागे गेला, संपर्क तुटला आणि तिच्या हातातला पडदा काळा झाला. चार सेकंदांनी ड्रोन शिस्तीत पंचेचाळीसवर चढला आणि घराकडे निघाला, थेट पाळण्याच्या अंगावर. "खाली बस! अरे, खाली बस!" ती बेंबीच्या देठापासून ओरडली. रंगारी बसला, पण पाळण्याच्या कठड्यावरचा हात तसाच राहिला. पाती त्यावरूनच गेली.

रंगाऱ्याला गाडीत घातलं आणि साहेबांनी पहिली चौकशी केली ती फोटो किती मिळाले याची. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी तिच्यापुढे कागद सरकवला. "लिहा, पक्षी आडवा आला." एक पाहुणा मान हलवत पेला संपवत होता. तिला या लोकांची किळस आलीच, पण जास्त किळस आली ती स्वतःच्या त्या हसण्याची. अजून तोंडात त्याची चव होती, नासलेल्या दुधासारखी.

"पक्षी नव्हता," एवढंच म्हणून तिनं कागद परत सरकवला आणि ती इस्पितळात गेली.

रंगारी खाटेवर बसला होता. उजव्या हाताला बोचकं बांधावं तसं बँडेज. दोन बोटं गेली होती. तिला बघून तोच सावरून बसला.

"या ताई. तुमचं मशीन फुटलं ना? नोकरीवर तर नाही येणार तुमच्या?"

तिला वाटलं, यापेक्षा त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बिघाड असेल हो," तोच पुढे म्हणाला. "यंत्रच ते. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका."

"बिघाड नव्हता," ती म्हणाली. "उंची कमी होती. तुझ्या अंगावर येऊ शकतं, हे मला उडवायच्या आधी माहीत होतं."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"माहीत होतं?"

"हो."

"मग हाक का नाही मारलीत? खाली यायला मला पाच मिनिटं लागतात."

तिच्याकडे उत्तर होतं. साहेबांनी विनोद केला आणि मी हसले. ते तिला बोलवेना. रंगाऱ्यानं डाव्या हातानं चादर अंगावर ओढली.

"बाई, तुम्ही जा आता," तो म्हणाला.