शुक्रवारचे आकडे

सिल्लोडच्या शाळेत मौलवीसाहेबांनी मला उर्दू फुकट शिकवली, म्हणून मी हैदराबादला जाऊन उर्दूतूनच शिकून इंजिनिअर होऊ शकलो. आमच्या घरात अंगठ्याऐवजी सही करणारा मी पहिला. ते उपकार मी विसरलो नाही. पण पहिल्याच नोकरीत त्याच उर्दूत मी एक ओळ लिहिली, ती आठवली की मान खाली जाते.

निजामाचं राज्य होतं. औरंगाबादला नहरीचं, म्हणजे शहराला पाणी आणणाऱ्या जुन्या कालव्याचं, पाणी कमी पडू लागलं होतं आणि कारण शोधायचं काम माझ्याकडे आलं. नहर गाळानं भरली असणार, हे मी मोजायच्या आधीच ठरवून टाकलं. हौदातली मोजपट्टी रोज सकाळी मी वाचायचो. शुक्रवारी कचेरीला सुट्टी, म्हणून त्या दिवशी नहरीचे म्हातारे रखवालदार वाचायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. डोळा पाण्याच्या पातळीला आणून पट्टी कशी वाचायची, हे मला त्यांनीच दाखवलं होतं.

तीन महिन्यांनी आलेख काढला. माझे आकडे एका रेघेवर नीट बसले. शुक्रवारचे तेवढे चार-चार बोटं खाली.

"चाचा, नमाजाच्या घाईत वाचता का?"

ते हसले. "साब, पानी उस दिन घटताच है. एक जुम्मे कू आके देखो ना."

"गाळ काय वार बघून साचतो?"

"मट्टी का मेरे कू नईं मालूम. जित्ता दिखा, उत्ता बोला."

मी गेलो नाही. शुक्रवारी मला आईकडे सिल्लोडला जायचं असे. वहीत शेऱ्यासाठी कैफियतीचा रकाना होता, त्यात 'वाचणाऱ्याची चूक' असं लिहिलं आणि ते आकडे वगळले. रेघ देखणी झाली. वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली, आणि तीच कैफियत वाचून चाचांना कामावरून काढलं.

गाळ उपसला. पाणी तरी पुरेना. मग एका शुक्रवारी हौदावर गेलो. पट्टी चार बोटं खाली होती. नहरीच्या कडेनं कोसभर चालत गेलो, तर एका बागेत नहर फोडून पाणी पाटाला लावलेलं. माळी मला ओळखत नव्हता. म्हणाला, "आज सुट्टी हाय नं, साहेब लोक येत नाय."

चाचांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "फिर पानी आया क्या?"

मी नवा अहवाल लिहिला. नहरीची फोडलेली जागा बुजवली गेली, पाणी आलं, मला पुन्हा शाबासकी मिळाली. पण ही गोष्ट आधी कुणी सांगितली होती, ते मी अहवालात लिहिलं नाही. लिहिलं असतं तर माझी जुनी ओळ खोडावी लागली असती. चाचांना काम परत मिळालं नाही.

आता पीएच.डी.ची मुलं आलेख घेऊन येतात. "सर, हा एक आकडा बसत नाही. काढून टाकू?"

"कुणी मोजला तो? भेटलात त्याला?"

मुलं ते वहीत लिहून घेतात. मी मात्र अहवाल पाठवल्यावर चाचांना कधी भेटलो नाही.